छंदाच्या लाकूडकामासाठी आणि कोरीव कामासाठी पहिले सीएनसी यंत्र कोणते घ्यावे?

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी. मी छंद म्हणून हाताने लाकूड कोरते. उठावाची नक्षी असलेले फलक, नावाच्या पाट्या आणि लहान पेट्यांची झाकणे असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. यातला सर्वांत वेळखाऊ आणि मनगटे दुखवणारा भाग म्हणजे नक्षीभोवतीची जमीन ठरलेल्या खोलीपर्यंत सपाट खाली नेणे. हा भाग यंत्राकडे सोपवावा आणि पाने, फुले, चेहरे यांवरून शेवटचा हात मात्र पटाशीनेच फिरवावा, अशा विचाराने मी छोट्या सीएनसी राउटरची, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनुसार फिरत्या बिटाने (धारदार पात्याने) लाकूड कोरणाऱ्या यंत्राची, माहिती गोळा करू लागले आहे.

माहिती भरपूर मिळाली, परंतु तिचा मेळ बसत नाही. शिकण्यासाठी 3018 हे छोटे यंत्र पुरेसे आहे असे काही जण सांगतात, तर ते लाकडासाठी निरुपयोगी आहे असे दुसरे सांगतात. एकदाच मोठे यंत्र घ्यावे, म्हणजे नंतर पस्तावायला नको, असाही सल्ला मिळाला. पट्ट्यावर चालणारे यंत्र चालेल की स्क्रूवर चालणारेच हवे, बिट फिरवायला साधा ट्रिमर राउटर बसवावा की वेगळा स्पिंडल (खास त्यासाठीची मोटर) घ्यावा, या प्रश्नांवर तर प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे.

माझे फलक साधारण 300 × 200 मिमी आकाराचे असतात, क्वचित 400 मिमीपर्यंत लांब. लाकूड बहुधा सागवान, कधी शिसम किंवा अक्रोड, आणि जाडी 18 ते 30 मिमी. मला संगणक नीट वापरता येतो, पण त्रिमितीय आराखडा कधी केलेला नाही. यंत्र घरातल्याच एका खोलीत भक्कम टेबलावर ठेवावे लागेल. अशा गरजेसाठी यंत्र पारखताना नेमके काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

काटकोन

तुम्ही कामाचा आकार, लाकूड आणि जाडी आधीच सांगितलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बहुतेक जण यंत्राचे क्षेत्रफळ पाहून निवड करतात. माझे स्पष्ट मत असे आहे की कठीण लाकूड कोरणाऱ्याने सर्वांत आधी यंत्राचा ताठपणा पाहावा आणि क्षेत्रफळ आपल्या नेहमीच्या कामापेक्षा थोडेसेच जास्त ठेवावे.

यामागचे कारण यांत्रिकीतले आहे. दोन टोकांना आधार दिलेल्या तुळईच्या मध्यावर भार दिला, तर तिचा झोल लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे त्याच जाडीच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलची गँट्री, म्हणजे स्पिंडल पेलणारी आडवी तुळई, 400 मिमीऐवजी 800 मिमी रुंद केली, तर तेवढ्याच कापण्याच्या जोराला ती आठपट वाकते. मोठ्या यंत्राचे प्रोफाइल त्या मानाने जाड केलेले नसेल, तर ते यंत्र लहान यंत्रापेक्षा वाईट कोरते. बिट सागवानाच्या रेषेत आडवे शिरते तेव्हा गँट्री क्षणभर मागे दबते, रेषा संपली की पुढे येते, आणि सपाट हव्या असलेल्या जमिनीवर बारीक लाटा उमटतात. या लाटा हाताने पुसत बसावे लागले, तर यंत्र घेऊन काय मिळवले?

तुमच्या कामासाठी मी साधारण 400 × 400 मिमी किंवा 600 × 400 मिमी प्रत्यक्ष चाल असलेले यंत्र सुचवेन. प्रत्यक्ष चाल असे मुद्दाम म्हणतो, कारण जाहिरातीत पुष्कळदा टेबलाचा आकार दिलेला असतो आणि स्पिंडलचे टोक त्याच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय लाकूड पकडायला क्लॅम्पसाठी चारही बाजूंना जागा लागते.

आता सरकण्याच्या मार्गाविषयी. स्वस्त यंत्रांत गँट्री प्लास्टिकच्या चाकांवर धावते आणि ती चाके ॲल्युमिनियमच्या खाचेत फिरतात. ही चाके झिजतात, त्यांच्यावर भुसा चिकटून दाबला जातो आणि पुन्हा पुन्हा कसावी लागतात. त्याहून बरे म्हणजे खालून सलग आधार दिलेले गोल दांडे, आणि सर्वांत चांगली ती चौकोनी छेदाची लिनियर रेल, जिच्यावर बेअरिंगच्या गोळ्यांचे ठोकळे धावतात. फक्त दोन टोकांना पकडलेले, मध्ये निराधार असलेले गोल दांडे 300 मिमीच्या आत ठीक असतात. त्यापुढे ते मध्यावर दबतात, म्हणून तुमच्या मापाला ते टाळावेत.

चालना देण्याचे तीन प्रकार छंदाच्या यंत्रांत आढळतात. पट्ट्याची यंत्रे वेगाने धावतात आणि भुशाची पर्वा करत नाहीत, पण पट्टा जोराखाली थोडा ताणला जातो. पट्टा जितका लांब तितका ताण अधिक. टी-8 म्हणून ओळखला जाणारा 8 मिमी व्यासाचा लीड स्क्रू लहान यंत्रात चालतो, मात्र लांबी वाढली की तो वेगात फिरताना दोरीसारखा झोके घेऊ लागतो आणि पितळी नट झिजला की दिशा बदलताना मोकळी चाल जाणवते. बॉल स्क्रूच्या नटमध्ये गोळ्या फिरत असतात, त्यामुळे घर्षण कमी आणि मोकळी चाल नगण्य असते. 1204 किंवा 1605 असे आकडे दिसले, तर पहिले दोन अंक व्यास आणि शेवटचे दोन एका फेऱ्यातली चाल मिलिमीटरमध्ये दाखवतात. तुमच्यासाठी बॉल स्क्रू आणि लिनियर रेल हा जोड सर्वांत योग्य आहे. त्याची एक बाजू ध्यानात ठेवावी: स्क्रू आणि रेल भुशापासून झाकलेली हवीत आणि त्यांना अधूनमधून वंगण द्यावे लागते. काही यंत्रांत वीज गेल्यावर जड स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकतो, कारण बॉल स्क्रू त्याला अडवून धरत नाही.

उभ्या अक्षाकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि नेमके तेथेच अडतात. खाली आधारफळी 12 मिमीची, तिच्यावर 30 मिमी लाकूड, क्लॅम्पचे डोके आणखी 10 मिमी वर आलेले, आणि त्यावरून 35 मिमी बाहेर आलेले बिट पार जायला हवे. हा हिशेब करून पाहिला की 45 मिमी चालीचे यंत्र तुम्हाला अपुरे पडते हे लगेच कळते. चाल निदान 80 मिमी असावी, आणि गँट्रीच्या खालची मोकळी उंची वेगळी मोजून घ्यावी.

बारीकनक्षी

काटकोन यांनी सांगाड्याचा भाग चांगला मांडला आहे. उठावाच्या कामाला लागणारा वेळ आणि स्पिंडल यांबद्दल लिहितो, कारण या दोन गोष्टी यंत्राची निवड पालटून टाकतात.

उठावाची नक्षी कोरताना शेवटच्या टप्प्यात गोल टोकाचे बिट शेजारी शेजारी ओळी मारत जाते. दोन ओळींतले अंतर म्हणजे स्टेपओव्हर. तुमचा 300 × 200 मिमीचा फलक 3 मिमी व्यासाच्या गोल टोकाच्या बिटाने 0.3 मिमी अंतर ठेवून कोरला, तर सुमारे 667 ओळी होतात आणि बिट एकंदर 200 मीटर चालते. मिनिटाला 1500 मिमी वेग धरला तर सव्वादोन तास लागतात. अंतर निम्मे म्हणजे 0.15 मिमी केले, तर साडेचार तास. प्रत्यक्षात त्याहून अधिकच लागतात, कारण नक्षीच्या चढउतारावर यंत्राला सतत वेग कमीजास्त करावा लागतो.

आता दुसरी बाजू पाहा. दोन ओळींमध्ये उरणाऱ्या कंगोऱ्याची उंची अंदाजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट इतकी असते. वरच्या बिटाला 0.3 मिमीवर कंगोरा 0.0075 मिमी राहतो आणि 0.6 मिमीवर 0.03 मिमी. म्हणजे अंतर दुप्पट केले की वेळ निम्मा होतो आणि कंगोरा चौपट होतो. ज्याला यंत्रावरून काढलेला फलक थेट पॉलिश करायचा आहे, त्याला बारीक अंतरावाचून गत्यंतर नाही. तुम्ही मात्र शेवटचा हात पटाशीने फिरवणार आहात. पटाशीच्या एका सालीत 0.03 मिमी सहज निघून जातात. त्यामुळे तुम्हाला अतिसूक्ष्म, रात्रभर चालणाऱ्या कामाचे यंत्र नको. ढोबळ माल जोराने आणि स्थिरपणे काढणारे यंत्र तुमच्या कामाचे आहे, आणि ताठपणाचा मुद्दा येथे आणखी पक्का होतो.

हाताने कोरणाऱ्याला दुसराही लाभ आहे. तीन अक्षांच्या यंत्राचे बिट वरूनच खाली येते, त्यामुळे पानाच्या कडेखाली आत शिरून कोरणे त्याला शक्य नाही. आतला कोपराही बिटाच्या त्रिज्येइतका गोल राहतो. पाकळीला जमिनीपासून उचलून दाखवणारी ती खालची सावली आणि टोकदार कोपरा हे काम पटाशीचेच राहील.

स्पिंडलच्या बाबतीत तीन पर्याय समोर येतात. छोट्या यंत्रांत 775 क्रमांकाची डीसी मोटर असते. ती मऊ लाकडावर आणि उथळ कोरण्यावर चालते, पण सागवानात जरा खोल शिरली की दबते. दुसरा पर्याय हाती धरायचा ट्रिमर राउटर. माकिता आरटी0701 हा मिनिटाला 10,000 ते 30,000 फेरे घेतो आणि डीवॉल्ट डीडब्ल्यूपी611 हा 16,000 ते 27,000. ताकद पुरेशी, दुरुस्ती सोपी, पण आवाज कर्कश आणि कार्बन ब्रश ठराविक काळाने बदलावे लागतात. तिसरा पर्याय इन्व्हर्टरवर, म्हणजे विजेची वारंवारता बदलून वेग ठरवणाऱ्या उपकरणावर, चालणारा स्पिंडल. 400 हर्ट्झवर तो मिनिटाला 24,000 फेरे घेतो, आवाज पुष्कळ कमी असतो आणि ईआर कोलेटमुळे (कोलेट म्हणजे बिटाचा दांडा धरणारी पकड) बिट सरळ पकडले जाते. 65 मिमी व्यासाचा 0.8 किंवा 1.5 किलोवॅटचा स्पिंडल तुमच्या आकाराच्या यंत्राला पुरे. 80 मिमीचा 2.2 किलोवॅटचा जड असतो आणि हलक्या गँट्रीवर त्याचे वजनच अडचण करते.

तुम्ही घरात काम करणार आहात, म्हणून आवाजाचा विचार करून मी स्पिंडलकडे झुकतो. सुरुवातीला ट्रिमर राउटर लावून नंतर बदलता यावा, यासाठी यंत्राची पकड 65 मिमीची आहे का ते पाहावे. अनेक ट्रिमर राउटर आणि लहान स्पिंडल याच व्यासाच्या आसपास असतात.

कोलेटचे माप मात्र काटेकोर जुळवावे. 6 मिमी दांड्याचे बिट 6.35 मिमीच्या राउटर कोलेटमध्ये घट्ट बसत नाही, आणि 3 मिमीचे बिट 3.175 मिमीच्या कोलेटमध्येही नाही. बिट हळूहळू खाली सरकते, कोरण्याची खोली नकळत वाढत जाते आणि फलक वाया जातो.

पहिलेपाऊल

3018 बद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण त्याला सरसकट निरुपयोगी म्हणणे न्यायाचे नाही. 300 × 180 मिमी चाल, उभी चाल 45 मिमीच्या आसपास, आणि नेमा 17 मापाच्या लहान मोटरी एवढीच त्याची कुवत आहे हे खरे. परंतु शून्यबिंदू कसा ठरवावा, जी-कोड (यंत्राला द्यायच्या आज्ञांची भाषा) कसा वाचावा, बिट लाकडाला घासू लागले तर आवाज कसा बदलतो, या गोष्टी शिकायला ते उत्तम आहे. चुकीची आज्ञा गेली तरी हे यंत्र बहुधा अडून थांबते. मोठ्या यंत्राच्या 1.5 किलोवॅट स्पिंडलने क्लॅम्पवर झडप घातली, तर परिणाम वेगळा असतो.

त्यावर नावाच्या लहान पाट्या, ठसे, पातळ जडावकाम आणि मेणबत्तीच्या बैठकीसारख्या वस्तू चांगल्या होतात. सागवानात एका फेरीला अर्धा मिलिमीटर खोली घेतली आणि धीर धरला तर कामही नेटके येते. तथापि सुतारपक्षी यांचे मुख्य काम जमीन खाली नेण्याचे आहे. 8 मिमी खोलीसाठी अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या सोळा फेऱ्या घेत बसणे, तेही 300 मिमीच्या फलकावर, त्यांना मानवणार नाही. त्यांनी 3018 घेऊ नये, या मताशी मी सहमत आहे. ज्याला केवळ हे क्षेत्र आपल्याला रुचते का हे पाहायचे आहे, त्याने मात्र जरूर घ्यावे.

सुतारपक्षी

तिघांचेही मनापासून आभार. 3018 आणि अवाढव्य यंत्र हे दोन्ही पर्याय मी आता बाजूला ठेवते. 400 × 400 मिमीच्या आसपासचे, बॉल स्क्रू आणि लिनियर रेल असलेले यंत्र शोधेन.

मला आणखी दोन शंका आहेत. यंत्र समोर असताना ते ताठ आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे? आणि सॉफ्टवेअरचे काय? माझ्याकडे नक्षीची हाताने काढलेली चित्रे आहेत. त्यांतून उठाव कसा तयार होतो, हे मला अजून उमगलेले नाही.

काटकोन

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) मिळाला तर तो टेबलावर चुंबकी स्टँडने उभा करून त्याचे टोक कोलेटला टेकवावे, मोटरींना वीज चालू ठेवावी, आणि स्प्रिंग काट्याने कोलेट आडवा दोन किलोच्या जोराने ओढावा. गेजचा काटा 0.1 मिमीच्या आत राहिला तर लाकडासाठी यंत्र चांगले, असे मी धरतो. 0.3 मिमीच्या पुढे गेला तर सागवानात त्याच्याकडून सपाट जमिनीची अपेक्षा करू नये. ही परीक्षा लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांनी करावी, कारण पुष्कळ यंत्रे एका दिशेला ताठ आणि दुसरीला लवचीक असतात. गेज नसेल तर हाताने स्पिंडल धरून हलवून पाहावे. गँट्रीची तुळई स्वतःभोवती पिळली जात असेल, तर ते डोळ्यांना दिसते.

दुसरी परीक्षा चौरसाची. 200 मिमी बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर बारीक छिद्रे पाडायला सांगावे आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते 282.8 मिमी यायला हवेत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते एकमेकांइतके हवेत. कर्ण वेगळे आले, तर गँट्री काटकोनात नाही. हा दोष बहुधा जुळवणीचा असतो आणि दुरुस्त करता येतो, मात्र विकणाऱ्याला तो दुरुस्त करता येतो का, हे तेथेच कळते. तिसरी परीक्षा म्हणून 50 मिमीचे वर्तुळ कोरून घ्यावे. स्क्रूत मोकळी चाल असेल, तर वर्तुळाच्या चार टोकांना, जेथे एक अक्ष दिशा बदलतो, तेथे लहान सपाट भाग किंवा पायरी दिसते. बोट फिरवले तरी ती लागते.

यंत्र घरी आल्यावर पहिले काम म्हणजे आधारफळी त्याच यंत्राकडून रंधून सपाट करून घेणे. अक्षरे कोरणाऱ्याला तर हे टाळताच येत नाही. 90 अंशांच्या व्ही-बिटाने (टोकाकडे निमुळत्या बिटाने) कोरताना लाकडाची उंची 0.2 मिमीने बदलली, तर रेघेची रुंदी 0.4 मिमीने बदलते. पाटीच्या एका टोकाची अक्षरे ठसठशीत आणि दुसऱ्या टोकाची किडकिडीत आली, तर दोष बहुतेक वेळा आधारफळीचा असतो. सॉफ्टवेअरच्या मांडणीत शोधत बसू नये.

बारीकनक्षी

सॉफ्टवेअरचे तीन टप्पे वेगवेगळे समजून घेतले की गोंधळ मिटतो. एकात आराखडा तयार होतो, दुसऱ्यात त्या आराखड्यावरून बिटाचा मार्ग ठरतो, आणि तिसरे त्या मार्गाच्या आज्ञा यंत्राकडे धाडते.

तुमच्या हातच्या चित्रांसाठी इंकस्केप हे मोफत साधन पुरेसे आहे. चित्राचा स्वच्छ फोटो घेऊन त्याच्या कडांच्या रेषा करून घ्याव्यात आणि त्या एसव्हीजी या रेषाचित्रांच्या स्वरूपात साठवाव्यात. जमीन खाली नेणे आणि अक्षरे कोरणे ही कामे एवढ्या रेषांवर होतात, त्रिमितीय आराखडा लागतच नाही. म्हणजे तुमच्या कामाचा मोठा भाग तुम्ही पहिल्याच दिवसापासून करू शकाल.

रेषांवरून बिटाचा मार्ग काढण्यासाठी ईझल किंवा कार्बाइड क्रिएट नवशिक्याला सोपे जातात. व्हीकार्व्ह हे विकत घ्यावे लागते, पण व्ही-बिटाचे काम आणि जडावकाम यांसाठी मला त्याहून सुखाचे काही आढळले नाही. त्याच्या डेस्कटॉप आवृत्तीत कामाच्या आकारावर मर्यादा आहे, तुमच्या फलकांना मात्र ती आड येणार नाही. फ्रीकॅड पूर्णपणे मोफत आणि समर्थ आहे, शिकायला चिकाटी लागते. फ्यूजनचा वैयक्तिक परवाना मोफत असला तरी त्यात हवेतून जलद सरकण्याच्या आज्ञा मिळत नाहीत, त्यामुळे अनेक तुकड्यांत कोरायच्या नक्षीला वेळ वाढतो.

उठावाची त्रिमितीय नक्षी लागेल तेव्हा तयार एसटीएल (त्रिमितीय आकाराची) फाइल वापरता येते किंवा ब्लेंडरमध्ये घडवता येते. करड्या छटांच्या चित्रावरून उठाव काढण्याचीही पद्धत आहे, ज्यात पांढरे ते उंच आणि काळे ते खोल. येथे एक गोष्ट पारखून घ्यावी. साध्या 8 बिट चित्रात 256 छटाच असतात, म्हणून 10 मिमी खोलीच्या उठावात प्रत्येक पायरी 0.04 मिमीची होते आणि गुळगुळीत गालावर जमिनीच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारखे वलय दिसू लागते. 16 बिट चित्रात हा प्रश्न राहत नाही. आणि फोटोतली सावली म्हणजे खोली नव्हे. साध्या छायाचित्राचा असा उठाव केला, तर काळे केस चेहऱ्याच्या आत खोल गेलेले दिसतात.

आज्ञा धाडण्यासाठी युनिव्हर्सल जीकोड सेंडर, जीसेंडर किंवा कँडल यांपैकी कोणतेही चालेल, कारण बहुतेक छोटी यंत्रे जीआरबीएल या मुक्त नियंत्रण प्रणालीवर चालतात. यंत्राचा नियंत्रक जीआरबीएल किंवा तिच्याशी जुळणारा आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. विक्रेत्याच्याच सॉफ्टवेअरवर चालणारे बंदिस्त यंत्र मी घेणार नाही. तो विक्रेता उद्या नसला, तर यंत्र मुके होते. नियंत्रक 32 बिटचा असला तर उठावाच्या हजारो बारीक तुकड्यांच्या मार्गावर यंत्र अडखळत नाही. काम चालू असताना लॅपटॉप झोपी गेला तर आज्ञा थांबतात, म्हणून ती सोय आधीच बंद करावी.

भुसा

यंत्राच्या निवडीत धुळीचा खर्च आणि जागा धरायची असते, आणि त्याबद्दल येथे अजून कोणी लिहिलेले नाही. लाकडाची धूळ ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलेली आहे. पटाशीने साली निघतात, त्या जमिनीवर पडतात आणि झाडून घेता येतात. सीएनसीचे बिट मिनिटाला 18,000 फेरे घेत बारीक चुरा करते आणि त्यातला सर्वांत बारीक भाग तासन्‌तास हवेत राहतो. तुमचे यंत्र राहत्या घरात असणार आहे, त्यामुळे ताई, तुम्ही हा भाग यंत्राच्या किमतीतच धरा, नंतरची जोड म्हणून सोडू नका.

स्पिंडलभोवती ब्रशची झालर असलेला डस्ट शू, त्याला जोडलेला व्हॅक्यूम आणि मध्ये चक्रवाती विभाजक असा संच लागतो. विभाजकात जड भुसा डब्यात पडतो आणि व्हॅक्यूमची गाळणी लवकर तुंबत नाही. डस्ट शू लावल्यावर बिट दिसेनासे होते, याची सवय करावी लागते. यंत्राभोवती दारे असलेली पेटी बांधली, तर धूळ आणि आवाज दोन्ही आवरतात. पेटीसाठी यंत्राच्या चारही बाजूंनी जागा सोडून टेबल मोजावे, कारण 400 मिमी चालीचे यंत्र बाहेरून 700 मिमीपर्यंत पसरू शकते आणि वायरी मागे लोंबतात. एमडीएफ वापरणार असाल तर मास्कमध्ये हयगय नको. त्याची धूळ अधिक बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त चिकट द्रव्य असते.

आगीचाही धोका आहे. बिट बोथट झाले, किंवा फेरे जास्त आणि सरकण्याचा वेग कमी ठेवला, तर बिट कापण्याऐवजी घासते, लाकूड करपते आणि एखादी ठिणगी भुशासह व्हॅक्यूमच्या पिशवीत ओढली जाते. सागवानात सिलिका असल्याने बिट लवकर बोथट होते, म्हणून तुमच्या बाबतीत ही शक्यता जास्त. कोरताना धुरकट वास आला की थांबवावे. यंत्र चालू ठेवून घराबाहेर जाऊ नये. लाल रंगाचे तत्काळ थांबवण्याचे बटण यंत्राबरोबर येते का, ते स्पिंडलची वीजही तोडते का की फक्त मोटरी थांबवते, हे विकत घेतानाच दाबून पाहावे. फिरत्या बिटाजवळ हातमोजे घालू नयेत. काही यंत्रांबरोबर लेझरची जोड मिळते. उघड्या सांगाड्यावर ती घरात वापरणे मला पटत नाही, आणि कोरीव कामाला तिची गरजही नाही.

सुतारपक्षी

धुळीचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. आता टेबलाचे माप पेटीसह धरून काढते. यंत्र 400 × 400 मिमीचे, ट्रिमर राउटरऐवजी 0.8 किलोवॅटचा स्पिंडल आणि जीआरबीएल नियंत्रक, असे मनाशी ठरवले आहे. एकच विचारायचे राहिले. हाताने कोरताना लाकडाची रेषा उलटी लागली की मी पटाशीची दिशा बदलते. यंत्राला रेषा कळत नाही. मग कपच्या उडू नयेत म्हणून काय करतात?

बारीकनक्षी

यंत्राला रेषा कळत नाही हे खरे, पण तुम्हाला कळते, आणि मार्ग तुम्हीच ठरवणार आहात. जमीन खाली नेताना कड साफ निघावी म्हणून भुसा खाली ढकलणारे डाउनकट बिट वापरावे. वर ओढणारे अपकट बिट भुसा लवकर बाहेर काढते, पण वरच्या कडेचे रेषे उचकटते. ढोबळ फेरीत नक्षीच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर माल शिल्लक ठेवावा, म्हणजे कपची उडाली तरी ती या शिलकीत उडते. उरलेला अर्धा मिलिमीटर शेवटच्या फेरीत क्लाइंब दिशेने, म्हणजे बिटाची धार जाड सालीत शिरून पातळ सालीतून बाहेर पडेल अशा दिशेने काढावा. ताठ यंत्रावर ही दिशा कड स्वच्छ ठेवते. लवचीक यंत्रावर मात्र बिट स्वतःला लाकडात ओढून घेते.

उठावाच्या ओळी बहुतांशी रेषेला समांतर माराव्यात. जेथे नक्षीत रेषा आडवी आणि नाजूक उरते, उदाहरणार्थ पानाच्या बारीक टोकाशी, तेथे यंत्राला जाऊच देऊ नये. तेवढा भाग आराखड्यातच दोन मिलिमीटर जाड ठेवावा आणि पटाशीने उतरवावा.

काटकोन

त्यात एक जोडतो. बिट कोलेटबाहेर जरुरीपेक्षा जास्त काढू नये. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की बिट आठपट वाकते, आणि व्यास निम्मा झाला की सोळापट. जमिनीसाठी 6 मिमीचे बिट आखूड पकडून वापरावे आणि 3 मिमीचे फक्त अरुंद जागांसाठी ठेवावे. सुरुवातीला 18,000 फेरे, दोन धारांचे बिट आणि प्रत्येक धारेला 0.05 मिमी साल धरली, तर सरकण्याचा वेग मिनिटाला 1800 मिमी येतो. सागवानात एका फेरीची खोली 1.5 मिमीपासून आरंभ करावी आणि भुसा पाहावा. पिठासारखी धूळ पडत असेल तर फेरे कमी करावेत किंवा वेग वाढवावा. बारीक कुरळ्या साली पडू लागल्या की मांडणी बसली.